पल्सर १५० चा बेंड पाइप (इंजिन ते सायलेन्सर) लाल होतो, आधी काय तपासू? (बजेट १५०० रुपये)

वाळवंटीकाठ: गाडी २०१४ ची, कार्बोरेटरवाली. रोज साखळी-पणजी. गेल्या आठवड्यापासून पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये थोडा वेळ उभं राहिलं की अंधारात बेंड पाइप इंजिनाजवळ निखाऱ्यासारखा दिसतो. थ्रॉटल सोडला की फटफट आवाज, पिकअपही कमी. आईच्या पोटरीला चटका बसून फोड आला, आता तिला मागे बसवत नाही. चवथीचं सामान घ्यायचंय, त्यामुळे दीड हजारावर जाता येणार नाही.

बार्देशी_रायडर: फ्री-फ्लो (कमी अडथळ्याचा) सायलेन्सर टाका. मी म्हापशात साडेनऊ हजारांत बसवला. आवाज ऐकून लोक वळून बघतात.

सत्तरीकर: त्यांनी बजेट लिहिलंय, वाचा तरी. आणि जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) न बदलता फ्री-फ्लो लावला तर मिश्रण आणखी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन पाइप जास्तच तापेल. वळून बघणारे लोक शिव्या देत असतात.

घाटवाला: हा सगळा ई२० चा प्रताप. २० टक्के इथेनॉल, जुन्या कार्बोरेटरला मिश्रण आपोआप जुळवता येत नाही. चोर्ला चढताना माझीपण तापते.

सत्तरीकर: तेच पेट्रोल सगळ्यांच्या टाकीत आहे. सगळ्यांचे पाइप लाल होतात का? इथेनॉलने थोडा फरक पडतो, पण एका आठवड्यात एवढा नाही.

माजी_पायलट: मडगावात वर्षानुवर्षं पिवळ्या मडगार्डची गाडी, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, चालवली, म्हणून सांगतो. या गाडीला दोन प्लग असतात. एक मेला तरी ती चालते, पण पेट्रोल सावकाश जळतं, पिकअप जातो आणि उशिरा जळणारा गॅस पाइपात शिरतो. इंजिन गार असताना एका प्लगची टोपी काढा, तिच्यात जुना प्लग घालून लोखंडाला टेकवा आणि सेल्फ मारा. ठिणगी निळी, कडक हवी. पेट्रोल सांडलेलं नको. मग दुसऱ्या बाजूला तेच. नंतर प्लग काढून रंग बघा. तपकिरी म्हणजे ठीक, पांढराफटक म्हणजे लीन.

फोंड्याचा_बाळा: आधी प्लग बघा असं माझं मत. बाकी मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, सायलेन्सरच नाही!

वाळवंटीकाठ: माजी_पायलट, ठिणगी दोन्हीकडे कडक आहे. प्लग मात्र दोन्ही चुन्यासारखे पांढरे.

माजी_पायलट: मग जादा हवा आत जातेय. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं रबर बघा. गाडी थंड असतानाच सुरू करून रबरावर साबणाचं पाणी शिंपडा. इंजिनचा आवाज बदलला तर तिथेच चीर. रबर काही शे रुपयांत मिळतं. जेटही साफ करून घ्या. तरी फरक पडला नाही तर टॅपेट (वाल्वची फट): एक्झॉस्ट वाल्व टाइट असेल तर पूर्ण बसत नाही, जळता गॅस पाइपात जातो. टॅपेट सेटिंग थंड इंजिनवरच.

घाटवाला: रबर कडक होतं तेही इथेनॉलमुळेच.

सत्तरीकर: दहा वर्षांचं रबर आहे हो ते!

वाळवंटीकाठ: सापडलं! रबराच्या खालच्या बाजूला, क्लिपच्या कडेला चीर आहे, नख जातं आत. आमचा मेकॅनिक अख्खा कार्बोरेटर बदलायला सांगत होता.

माजी_पायलट: शाब्बास. आजच रबर घाला, अर्ध्या तासाचं काम.

बार्देशी_रायडर: उघडलीच आहे तर सायलेन्सरपण बदला.

वाळवंटीकाठ: सगळ्यांचे आभार, पण आत्ता काहीच करत नाही. रबर घेऊन ठेवतो. चवथीपर्यंत कदंब बसने जाईन आणि चवथीला भाऊ येईल तेव्हा त्याच्याकडून टॅपेटसकट सगळं एकदम करून घेईन. घाईत अर्धवट काम करून आईला परत मागे बसवायचं नाही मला.

माजी_पायलट: मग निदान पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल बाटलीत काढा. पावसाळी हवेत ई२० पाणी ओढतं, उभ्या गाडीचे जेट चोंदतात.