अनुभव धागा: हा आवाज त्याचा नाहीच! (गेममधल्या बदललेल्या आवाजांच्या आठवणी)

भांडुपचा राजपुत्र
रविवारी दुपारी मी कोळंबी सोलत होतो. बाहेर धो धो पाऊस, खाली खेळायला जाणं शक्य नाही, म्हणून लेकाला दोन तास प्लेस्टेशन मंजूर झालं होतं. तो स्पायडरमॅन खेळत होता, मी ओट्याशी, टीव्हीकडे पाठ. आणि एकदम वाटलं, हा पोरगा आपल्या ओळखीचा आहे. कॉलेजातला? ऑफिसातला? मागे वळून पाहिलं तर तोच लाल-निळा स्पायडरमॅन. पण डोळे फिरवले की पुन्हा ओळखीचा.

हात धुऊन फोनवर शोधलं. युरी लोवेंथल. म्हणजे २००३ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम'मधला आपला राजपुत्र! वीस वर्षांनी माझ्या हॉलमध्ये जाळी फेकतोय.

मग सगळं आठवलं. बारावीचं वर्ष, चाळीतल्या मित्राकडचा असेंबल केलेला पीसी, दोन स्पीकर आणि खाली लाकडी वूफर. पहिल्या गेममधला राजपुत्र बोलका होता, थोडा शिष्ट, थोडा बावरलेला. अख्खी गोष्ट तोच सांगायचा आणि आपण दरीत पडून मेलो की म्हणायचा, छे छे, असं नव्हतं झालं, पुन्हा सांगतो. आम्ही त्याच्या प्रेमात. दुसरा भाग आला ('वॉरिअर विदिन', २००४), मोठ्या उत्साहाने लावला, आणि राजपुत्र गुरगुरायला लागला. आम्हाला वाटलं वूफर गेला. मागचं बासचं बटण पार डावीकडे फिरवलं. तरी गुरगुर. मग ठरलं की सीडीच खोटी.

दोघे फोर्टला गेलो. फाउंटनजवळच्या फूटपाथवाल्याला मी गंभीरपणे सांगितलं, "ह्यातला आवाज डुप्लिकेट आहे." तो म्हणाला, "भाऊ, ह्यात सगळंच डुप्लिकेट आहे, तू आवाजाचं काय घेऊन बसलायस?"

दुसऱ्या भागात आवाज रॉबिन ॲटकिन डाउन्सचा होता हे कळायला मला २०२० उजाडावं लागलं. तिसऱ्यात (२००५) लोवेंथल परत आला तेव्हा आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या होत्या, आणि मित्राच्या आईने विचारलं होतं, कोण आउट झालं?

तुमचे अनुभव लिहा. गेमच पाहिजे असं नाही.

डबल फास्ट
हाहाहा "आवाज डुप्लिकेट आहे". ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वाचत होतो, चहा नाकात गेला.

काडेपेटी
आमच्या काळी गेमला आवाजच नव्हता. ९९९९९९ इन वन कॅसेट, आत गेम सात. टुंग टुंग टुंग. ते बदललं तर समजायचं कॅसेट फुंकायची वेळ झाली.

मिसेस तिखट
मी खेळत नाही. मी ऐकते. वन बीएचके आहे, दुसरा पर्याय नाही.

नवरा लग्नाआधीपासून 'गॉड ऑफ वॉर' खेळतो. लग्नानंतर तीन महिन्यांत समोरच्या काकूंनी मला जिन्यात थांबवून हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना गं घरात? रात्री फार ओरडाआरडा असतो." काकू, तो क्रेटोस आहे, गेमचा हिरो! त्यांना कसं सांगणार. मी म्हटलं, "टीव्ही जरा मोठा होतो."

मग २०१८ चा नवीन गेम आला. मी नेहमीसारखी भांडी घासत होते आणि आरडाओरडच नाही. एक खोल, दमलेला आवाज, मध्येच नुसतं "बॉय". मी बाहेर येऊन विचारलं, हा कोण, तो कुठे गेला? नवरा म्हणाला, हाच तो, म्हातारा झालाय, आता त्याला मुलगा आहे. मी म्हटलं वय झालं म्हणून गळा बदलत नाही, हा माणूसच दुसरा आहे. पैज लागली. जिंकले. आधीचा टेरेन्स सी. कार्सन, हा ख्रिस्तोफर जज. पैजेचे पैसे अजून आलेले नाहीत, हे वाचत असशील तर लक्षात असू दे.

गंमत म्हणजे तेव्हा आमचा मुलगाही दीड वर्षाचा होता आणि नवऱ्याचा आवाजही पूर्वीपेक्षा खालीच आला होता. काकूंनी मात्र परत विचारलं, "अगदीच शांत असता हल्ली, ठीक आहे ना?"

डबल फास्ट
काकूंना दंडवत __/\__

सावलीतला माणूस
सॅम फिशर. बस्स.

सावलीतला माणूस
चुकून सेंड झालं, बसमध्ये आहे. तर 'स्प्लिंटर सेल' गेममधला हेर. मायकेल आयर्नसाइडचा तो खरखरीत, रात्री एकच्या पानवाल्यासारखा आवाज. शाळेपासून त्याच्यावर वाढलो. २०१३ ला 'ब्लॅकलिस्ट' आला, पहिल्या पगारातून ओरिजिनल घेतला (घरी निम्मी किंमत सांगितली). तोंड उघडलं तर एरिक जॉन्सन. माणूस काम चोख करतो, नाव ठेवायला जागा नाही. पण असं वाटलं की पप्पांच्या जागी पप्पांचे धाकटे भाऊ ओपन हाउसला आलेत. वर फिशरचं वय जास्त आणि आवाज तरणा.

मी तो गेम सबटायटल लावून, आवाज बंद करून पूर्ण केला. मनातल्या मनात आयर्नसाइड.

२०१८ ला 'घोस्ट रिकन वाइल्डलँड्स'मध्ये पाहुणा म्हणून तो परत आला तेव्हा नुसतं तेवढ्यासाठी मित्राच्या घरी डोंबिवलीला गेलो होतो. संध्याकाळी. फास्ट ट्रेनने. समजणारे समजतील.

काडेपेटी
संध्याकाळची डोंबिवली फास्ट! आयर्नसाइडने स्वतः केली नसती.

माइकच्या अलीकडे
मी अंधेरीत डबिंग करते, जास्त करून कार्टून्स, मूळ इंग्रजी किंवा जपानीवरून हिंदी. म्हणून दोन शब्द लिहिते. वरच्या दोघांच्या दुःखाचं कारण एकच आहे. पूर्वी गेमला नुसता गळा लागायचा. आता अंगावर ठिपके लावलेला घट्ट सूट घालून तोच माणूस धावतो, पडतो, मारामारी करतो, आणि चेहरा, शरीर, आवाज सगळं एकदम टिपतात. क्रेटोस आणि फिशर दोघांच्या वेळी निर्मात्यांनी साधारण हेच सांगितलं होतं. नव्या क्रेटोसला तर शेजारी उभ्या लहान पोरासमोर डोंगराएवढं दिसायचं होतं. गळा कितीही सोन्याचा असला तरी उंची कुठून आणणार?

बाकी कारणं साधी आहेत. तारखा जुळत नाहीत, पैसे जुळत नाहीत, संप होतो. २०१६-१७ मध्ये अमेरिकेत गेमच्या आवाजवाल्यांचा संप होता, तेव्हा 'लाइफ इज स्ट्रेंज'मधल्या क्लोईचा आवाज पुढच्या गेममध्ये ॲशली बर्चऐवजी ऱ्हिआना डेव्ह्रीसने दिला. संप संपल्यावर जादाच्या एका भागासाठी बर्च परत आली.

आणि तुम्हाला वाटतं तसं आम्ही पडद्याकडे बघत संवाद म्हणतो असं गेममध्ये बऱ्याचदा नसतं. समोर एक्सेलची शीट, ओळ क्रमांक अमुक, "तिकडे जा!", तीन प्रकारे. ओरडणं, कण्हणं, पडणं, मरणं हे शेवटी ठेवतात, कारण त्यानंतर गळा कामाचा राहत नाही. एका दुपारी मी सलग चाळीस वेळा मेले होते. त्यातलं जळून मरणं वेगळं, पाण्यात बुडून वेगळं. घरी जाताना रिक्षावाल्याशी खुणेने बोलले, त्याने मुकी समजून सुटे पूर्ण परत दिले.

माझा स्वतःचा अनुभव मात्र कार्टूनचा. एका खोडकर मुलाचा आवाज दोन वर्षं माझा होता. टायफॉइड झाला, तीन भाग दुसरीने केले, आणि छान केले. चॅनलवर कुणाला कळलं नाही, एकही तक्रार नाही. फक्त माझ्या भावाच्या मुलीचा फोन आला. चार वर्षांची. "आत्या, आज त्याच्यात तू का नव्हतीस?"

मिसेस तिखट
अगं बाई.

रविवारचा आळस
@माइकच्या अलीकडे, कुठलं कार्टून? नाव सांगा ना, आमच्याकडे दिवसभर चालू असतं.

माइकच्या अलीकडे
करारात सही आहे, सांगू नाही शकत. तुम्ही मला रोज ओरडत असाल एवढं नक्की.

तात्या विंडीज
ईए क्रिकेट ०७ खेळताना रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांची कॉमेंट्री. इंग्रजी मी त्यातच शिकलो. पुढे कुणीतरी पॅच आणला, नवीन जर्सी, नवीन टीम, आयपीएल, सगळं बदललं, पण बेनॉ तेच वाक्य बोलायचे. एप्रिल २०१५ मध्ये ते गेले त्या दिवशी मी मुद्दाम एक पाच ओव्हरची मॅच लावली. पहिल्या बॉलवर त्रिफळा. नीट ऐकूच येईना.

काडेपेटी
तात्या, त्रिफळा कॉमेंट्री ऐकू न आल्याने उडाला नाही, तुम्ही कायम पुढे येऊन मारता.

डबल फास्ट
अवांतर: आवाज बदलण्यावरून, लोकलमधलं "पुढील स्टेशन" बदललंय का मध्ये? मला काही गाड्यांत बाई थोडी घाईत वाटते.

सावलीतला माणूस
बाई घाईत नाही, तू उशिरा उठतोस.

रविवारचा आळस
आमच्या गाडीत एकदा दादर येईपर्यंत "पुढील स्टेशन मुलुंड" चालू होतं. एक आजी खरंच उतरायला उठल्या होत्या. लोकांनी बसवलं.

स्क्वॉड लीडर चेंबूर
माझा किस्सा थोडा उलटा आहे, कॅरेक्टरचा नाही, खेळणाऱ्याचा.

लॉकडाउनमध्ये आम्ही चौघे पबजी मोबाइल खेळायचो. तिघे ऑफिसवाले आणि चौथा कुठून तरी जोडला गेलेला एक पोरगा, पनवेलचा. बारीक चिरका आवाज, "दादा मेडकिट द्या ना, दादा मला उचला ना." आम्ही त्याला चिमणी म्हणायचो. स्नायपर मात्र जबरदस्त, तीनशे मीटरवरून डोकं. सप्टेंबर २०२० ला गेमवर बंदी आली, पुढच्या महिन्यात सर्व्हरच बंद. फोन नंबर कुणी घेतला नव्हता, चिमणी गेली ती गेलीच.

जुलै २०२१ ला बीजीएमआय आला, म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार. जुना डेटा आला, मित्रयादी आली. पहिल्याच रात्री त्याचं नाव हिरवं दिसलं, लगेच बोलावलं. माइक चालू झाला आणि एक भरदार पुरुषी आवाज म्हणाला, "दादा, मी."

आमच्यातला एक घाबरून म्हणाला, "काका, चुकून आलं, मुलाला फोन द्या."

"अहो दादा, मीच. चिमणी." मग त्यालाच हसू आलं आणि हसताना मध्येच तो जुना चिरका सूर निसटला. तेव्हा कुठे पटलं. नऊ-दहा महिन्यांत पोराचा गळा फुटला होता आणि आम्ही तेवढा भाग बघितलाच नव्हता. आजोबा गेल्याचंही त्याने तेव्हाच सांगितलं, मॅच सुरू होता होता, गेममधल्या विमानात बसल्यावर. काय बोलायचं सुचलं नाही. सगळे त्याच्याबरोबर एकाच ठिकाणी उतरलो, एवढंच.

नाव मात्र चिमणीच ठेवलंय. आता इंजिनिअरिंगला आहे.

भांडुपचा राजपुत्र
हे वाचून थांबलो थोडा वेळ.

दोन बहिणी एक कन्सोल
मॅक्स पेनचं कुणी लिहिलं नाही? पहिल्या गेममध्ये चेहरा लेखक सॅम लेकचा, पुढे चेहरे बदलत गेले, आवाज तिन्ही गेममध्ये जेम्स मॅकॅफ्रीचा. म्हणजे आपल्या धाग्याच्या बरोब्बर उलट. माणूस बदलला तरी ओळख पटायची ती त्या आवाजाने. डिसेंबर २०२३ मध्ये मॅकॅफ्री वारले. ताईने मला रात्री साडेअकराला नुसती बातमी पाठवली, खाली काही लिहिलं नाही. आम्ही दोघी एकाच खुर्चीत अर्ध्या अर्ध्या बसून खेळायचो, ती कीबोर्ड, मी माऊस.

(मारिओचाही आवाज त्याच वर्षी बदलला. चार्ल्स मार्टिने यांच्या जागी केविन अफगाणी. माझ्या मुलीला ऐकवून विचारलं, फरक कळतो का? म्हणाली, "दोघेही मारिओच आहेत ना?" पुढे बोलणंच खुंटलं.)

तात्या विंडीज
माऊसवाली नेहमी धाकटी असते का? आमच्याकडेही तसंच होतं.

रविवारचा आळस
'सँड्स ऑफ टाइम' नव्याने करायची घोषणा २०२० ला झाली होती ती युबीसॉफ्ट या गेम कंपनीच्या आपल्या मुंबई आणि पुण्याच्या स्टुडिओंकडून, हे ठाऊक आहे का? मुंबईतला राजपुत्र म्हणून मी किती मिरवलं होतं. २०२२ ला काम माँट्रियलला गेलं. तेव्हापासून मिरवणं बंद.

मिसेस तिखट
तुम्ही त्यात काम करत होता?

रविवारचा आळस
नाही हो. त्याच परिसरात जेवायला जायचो.

भांडुपचा राजपुत्र
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. ताजी खबर: काल माळ्यावरचा खोका काढला. सीड्या सापडल्या, वर माझ्याच अक्षरात स्केचपेनने "प्रिन्स २ (आवाज खराब)". लेकाला दाखवल्या तर तो सीडी उन्हात धरून भिंतीवर इंद्रधनुष्य पाडत बसला. त्याला दोन्ही राजपुत्र एकापाठोपाठ ऐकवायचेत, पण घरात एकाही मशीनला ड्राइव्ह नाही. बाहेरून यूएसबीला जोडायचा मिळतो ना? कुठे बघू?

काडेपेटी
लॅमिंग्टन रोड. पण रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

सावलीतला माणूस
माझ्याकडे पडून आहे एक, वापरत नाही. घाटकोपरला येता का, नाहीतर मी भांडुपला उतरतो शुक्रवारी. स्लोने येईन.

काडेपेटी
कोळंबी शिल्लक आहे का ते आधी विचार.