दहावीनंतर थेट अप्रेंटिस की आधी आयटीआय? (सोलापूर)

वर्गशिक्षक_जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. दहावीच्या निकालानंतर अकरावीला जाणार नाहीत अशा मुलांसाठी शाळेत माहितीचा एक कागद लावायचा आहे. पालक विचारतात ते प्रश्न असे:

१) दहावी पास मुलाने थेट अप्रेंटिस (कारखान्यात काम करत शिकणारा उमेदवार) म्हणून लागावं की आधी आयटीआय (औद्योगिक प्रशिक्षण संस्था) करावं?
२) चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत मुलांना ‘ट्रेनी’ म्हणून घेतात. ती अप्रेंटिसशिपच असते का?
३) रेल्वेची अप्रेंटिस भरती कशावर होते? ५५-६० टक्केवाल्या मुलांनी आशा धरावी का?
४) अर्ज कुठे अडकतात?

नेमकी माहिती हवी. ‘कष्ट करा, यश मिळेल’ हे आम्ही रोजच सांगतो.

---

बीटीआरआय_खिडकी

सर, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पोरांची वर्षं वाया जातात ती तिथेच.

‘ट्रेनी’ या शब्दाला कायद्यात काही वजन नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली करार झाला आणि अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर त्याची नोंद झाली, तरच तो अप्रेंटिस. मुलाने रुजू होताना एकच विचारावं: ‘माझा कॉन्ट्रॅक्ट नंबर काय?’ तो आपल्या लॉगिनमध्ये दिसत नसेल तर वर्षभर काम करूनही हाती राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र, म्हणजे एनएसी, येत नाही. कंपनीच्या लेटरहेडवरचा अनुभवाचा दाखला ही त्याची जागा घेत नाही.

ओळखायची आणखी एक खूण आहे. अप्रेंटिस कायद्याने कामगार धरला जात नाही, त्यामुळे त्याला पीएफ आणि ईएसआय लागू नसतं. पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला दिसला तर समजा की मुलाला कामगार म्हणून घेतलंय, बहुतेक ठेकेदाराच्या मस्टरवर. ते काम वाईट असं नाही, पण ती अप्रेंटिसशिप नव्हे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही वेगळी. ती २०२४ मध्ये आली, किमान पात्रता बारावी, आणि तिच्यातून एनएसी मिळत नाही. पालक या दोन्हींची हमखास गल्लत करतात, म्हणून कागदावर हे ठळक लिहा.

आता पहिला प्रश्न. दहावीवर थेट लागता येतं, त्याला ‘फ्रेशर’ म्हणतात. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन अशा ठरलेल्या ट्रेडमध्ये फ्रेशरला आधी बेसिक ट्रेनिंग द्यावं लागतं, मग शॉपफ्लोअर, म्हणजे कारखान्यातलं प्रत्यक्ष काम. हे झंझट नको म्हणून बऱ्याच कंपन्या आयटीआय झालेलाच मुलगा घेतात. त्याला बेसिकमधून सूट असते आणि बहुतेक ट्रेडला वर्षभरात काम होतं. म्हणून माझं स्पष्ट मत: दोन वर्षं घर तग धरू शकत असेल तर आधी आयटीआय, मग अप्रेंटिस. विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयपासून सुरुवात करा. अप्रेंटिसशिपची चौकशीही तिथेच करता येईल.

आयटीआयचा अर्ज भरताना पर्यायांचा क्रम जपून लावायला सांगा. पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती घ्यावीच लागते. सोडली तर नंतरच्या नियमित फेऱ्यांत नाव येत नाही. मुलं गंमत म्हणून कुठला तरी ट्रेड पहिला टाकतात आणि तिथेच अडकतात. दहावी नापास मुलांनाही दार बंद नाही. वायरमन, वेल्डर यांना दहावी पासची अट नाही. फिटर-इलेक्ट्रिशियनला आहे.

शिक्षण तुटतं ही पालकांची भीतीही काढून टाका. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड करून बोर्डाचे भाषेचे पेपर दिले की बारावीची समकक्षता मिळते. पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचाही रस्ता आहे.

---

गेटपास

विद्यावेतनाबद्दल लिहितो, कारण दर महिन्याला भांडणं त्यावरूनच होतात.

२०१९ च्या नियमांत दहावी पासला महिना किमान ६,००० आणि आयटीआय पासला ७,००० रुपये ठरले. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ. २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली आहे, तेव्हा कागदावर आकडा छापण्याआधी पोर्टलवरचा चालू दर बघून घ्या.

राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत सरकार किमान विद्यावेतनाचा २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये उचलतं. २०२३ पासून हा हिस्सा थेट मुलाच्या खात्यात येतो. म्हणजे ७,००० वाल्या मुलाला कंपनीकडून ५,५०० आणि सरकारकडून १,५०० असे दोन वेगळे जमा दिसतात, तेही वेगवेगळ्या तारखांना. मुलाला वाटतं कंपनीने पैसे खाल्ले. कंपनीचा भाग पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत यायला हवा. तो आला नाही तर एचआरला विचारा. सरकारी भाग अडकला तर आधी आपलं खातं तपासा.

आणि इथे निम्मी मुलं फसतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं ‘सीड’ झालं असं नाही. केवायसी वेगळं आणि एनपीसीआय मॅपरवर (कुठल्या आधारचे सरकारी पैसे कुठल्या बँकेत जातात त्या यादीत) आधार जोडणं वेगळं. बँकेत जाऊन स्पष्ट म्हणायचं: ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा फॉर्म द्या.’ दोन बँकांत खाती असतील तर पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात, आणि पोरगं दुसऱ्याच पासबुकात एन्ट्री शोधत बसतं.

---

कुर्डुवाडी_लोकल

रेल्वेबद्दल. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत सोलापूर क्लस्टर, म्हणजे ठिकाणांचा गट, वेगळं असतं. त्यात सोलापूरचा कॅरेज अँड वॅगन डेपो आणि कुर्डुवाडीचं वर्कशॉप येतं. जागा मुंबईच्या मानाने फार थोड्या, आणि अर्ज करताना क्लस्टर निवडावं लागतं.

लेखी परीक्षा नाही. दहावीला किमान ५० टक्के, शिवाय संबंधित ट्रेडचं आयटीआय प्रमाणपत्र. वय १५ ते २४. एससी-एसटीला ५ आणि ओबीसीला ३ वर्षं सूट. मेरिट लागतं ते दहावी आणि आयटीआय यांच्या टक्क्यांच्या सरासरीवर. दहावीला ५८ असलेल्या मुलाने आयटीआयला ८६ काढले तर सरासरी ७२. दहावीला ७५ घेऊन आयटीआयला ६५ वर थांबलेला ७० वर येतो, म्हणजे मागे. सर, ५५-६० वाल्यांना हेच गणित फळ्यावर करून दाखवा. दहावीचा आकडा आता बदलत नाही, पण निम्मं मेरिट अजून त्यांच्या हातात आहे. आयटीआयला ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेलाच बसता येत नाही, हेही सांगा.

रेल्वेत अप्रेंटिस झालं म्हणजे नोकरी लागली असं मात्र कुणी समजू नये. कायद्याच्या २२व्या कलमाप्रमाणे नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. रेल्वेत लेव्हल-१ च्या (सर्वांत खालच्या श्रेणीच्या) थेट भरतीत २० टक्के जागा अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात, पण संगणकावरची परीक्षा त्यांनाही द्यावी लागते. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांनी इथे अर्ज करू नये, त्यांची वाट वेगळी. आणि एका ठिकाणी कायद्याखालची अप्रेंटिसशिप केली असेल तर दुसरीकडे पुन्हा करता येत नाही. म्हणून घाईत छोट्या जागी करार करण्याआधी रेल्वे आणि महावितरणच्या जाहिरातींचा अंदाज घ्यावा.

---

वर्गशिक्षक_जुळे_सोलापूर

फार उपयोगी, आभारी आहे. आमच्याकडे मुलीही बऱ्याच आहेत. गणवेशाच्या कारखान्यांत शिलाईची अप्रेंटिसशिप निघते ती घ्यावी का? आणि मुलगा शॉपवर गेल्यावर त्याच्याकडून पहिल्या महिन्यात नेमकी काय अपेक्षा असते?

---

बीटीआरआय_खिडकी

शिलाई मशीन ऑपरेटर हे बहुतेक ‘ऑप्शनल ट्रेड’मध्ये, म्हणजे कंपनीने स्वतः ठरवलेल्या ट्रेडमध्ये, येतं. मुदत ६ ते ३६ महिने, थेट शाळेतून घेतात, करार पोर्टलवरच होतो. घराजवळ काम असेल आणि करार खरा असेल तर जरूर घ्यावी. फक्त हे आयटीआयच्या जागी चालत नाही. उद्या रेल्वेच्या जाहिरातीला ते लागू पडणार नाही. मुलीला मशीन ट्रेडची आवड असेल तर ‘मुलींना शिलाई’ एवढ्यावर विषय संपवू नका. वायरमन, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट सगळं खुलं आहे.

अर्ज अडकायचं पहिलं कारण म्हणजे नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक तेलुगू घरांत तर आडनावाचं नुसतं आद्याक्षर. दोन्ही कागद समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा आणि दुरुस्ती अर्जाआधीच करून घ्या. मोबाईल नंबर आधारशी जोडलेला हवा, ओटीपी त्यावरच येतो. सायबर कॅफेवाल्याचा नंबर आणि ईमेल टाकू नये, पुढे लॉगिन त्याच्याच हातात राहतं. १८ च्या आतल्या मुलाच्या करारावर पालकाची सही लागते, आणि धोकादायक उद्योगात १८ पूर्ण असावेच लागतात.

---

शून्य_शून्य_एक

शॉपवरच्या अपेक्षेचं मी सांगतो. पहिल्या महिन्यात मशीन कुणी हातात देत नाही. मोजमाप येतं का, ते बघतात.

मुलाखतीत येणारा प्रश्न बघा. ड्रॉइंगवर शाफ्टचा (गोल दांड्याचा) व्यास २५ मिमी, वजा ०.०२ आणि वजा ०.०५. म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) २४.९५ ते २४.९८ मध्ये हवा. २४.९९ भरला तर काय? मटेरियल शिल्लक आहे, पुन्हा घासून मापात येतो. २४.९४ भरला तर? गेला, स्क्रॅप. भोक असेल तर उलट: लहान राहिलं तर वाढवता येतं, मोठं झालं की संपलं. हे ज्याला पटकन सांगता येतं त्याला सुपरवायझर जवळ ठेवतो.

पुढची पायरी. इथे सगळी मुभा ०.०३ मिमीची. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२, म्हणजे व्हर्नियरने हा जॉब पास करणं चूक. मायक्रोमीटर लागतो, लीस्ट काउंट ०.०१. आधी तोंड पुसून बंद करून शून्य तपासायचं, मग रॅचेटनेच (टोकाच्या टकटक करणाऱ्या मुठीनेच) आवळायचं. थिंबल (फिरवायची नळी) धरून पिळला की माप कमी दाखवतो.

आणि लेथवरून काढलेला गरम जॉब लगेच मोजायचा नाही. २५ मिमीचा स्टीलचा शाफ्ट खोलीच्या तापमानापेक्षा ४० अंशांनी गरम असेल तर सुमारे ०.०१२ मिमी फुगलेला असतो. गरम असताना २४.९६ वाचला, मुलगा खूश. थंड झाल्यावर २४.९४८. रिजेक्ट. चिंचोळीला कॅमशाफ्टसारखा (इंजिनातल्या दांड्यासारखा) माल होतो, तिथे ही चूक पेटीभर जॉबवर एकाच पाळीत होऊ शकते.

रोजची वही त्याच दिवशी भरायची: कुठलं मशीन, काय काम, कुठलं माप, काय चुकलं. ट्रेडच्या अखेरच्या परीक्षेत नुसता संगणकाचा पेपर नसतो, प्रॅक्टिकलही असतं आणि तोंडी प्रश्न या कामावरच येतात. महिनोन्‌महिने एकाच मशीनवर जॉब लाव-काढ करायला ठेवलं तर वहीत तसंच लिहावं आणि ती वही घेऊन आयटीआयमधल्या अप्रेंटिसशिपच्या अधिकाऱ्यांना भेटावं. ट्रेडच्या अभ्यासक्रमातली सगळी कामं दाखवणं हे मालकाचं करारातलं काम आहे. ओव्हरटाइमलाही अधिकाऱ्यांची मंजुरी लागते. सर, कागदावर खाली आयटीआयमधल्या त्या अधिकाऱ्यांच्या खिडकीचा पत्ता तेवढा लिहा.