एलएलबी फर्स्ट इयरनंतर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) केलं, आता सेकंड इयर दुसऱ्या विद्यापीठात करायचंय, एनओसी कोण देणार? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वकिलीतलं कोणी असेल किंवा विद्यापीठाच्या पात्रता विभागात चपला झिजवलेलं कोणी असेल तर प्लीज वाचा, थोडं लांबलंय.

मी २०२२-२३ ला तीन वर्षांच्या एलएलबीचं फर्स्ट इयर केलं, शिवाजी विद्यापीठाच्या अंडर एका कॉलेजात, सीईटी देऊन कॅप राउंडमधूनच ॲडमिशन होती. सगळं क्लिअर, फक्त सेम टूच्या एका पेपरला एटीकेटी. तिथे लीगल एड कॅम्पला गावांत जायचो, पोटगीचं विचारायला बायका यायच्या, अर्ज लिहून द्यायला मला जमायचं पण त्या बाईला आज रात्री राहायचं कुठे हे विचारलं की आमची सगळ्यांचीच बोलती बंद. त्यातून एमएसडब्ल्यूचं डोक्यात आलं आणि मुंबईत नंबर लागला. यूजीसीने २०२२ ला दोन डिग्र्या एकदम करायला परवानगी दिली असली तरी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या लॉ शिक्षणाच्या नियमांतल्या नियम ६ प्रमाणे एलएलबीसोबत दुसरी रेग्युलर डिग्री चालत नाही, म्हणून रीतसर टीसी आणि मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचा दाखला) काढून गेले. एटीकेटीचा पेपर तेवढा एमएसडब्ल्यू चालू असताना येऊन दिला, सुटला.

आता एमएसडब्ल्यू झालं, पुण्यात एका संस्थेत नोकरी आहे, घरगुती हिंसाचाराच्या केसेस बघते. दिवसभर कोर्टात असते पण काळा कोट दुसऱ्याच्या अंगात. त्यामुळे लॉ पूर्ण करायचंच.

घोळ असा की पुण्यातल्या कॉलेजात सेकंड इयरला जागा आहे, ते म्हणतात आधीच्या लॉ कॉलेजची एनओसी आणि टीसी आणा. जुनं कॉलेज म्हणतं तुमची टीसी कधीच निघाली, तुम्ही आमच्या विद्यार्थिनी नाही, एनओसी कसली द्यायची. ती टीसी जमा आहे मुंबईच्या संस्थेत, आणि त्यांनी दिलेली टीसी पुण्याच्या क्लार्कना नको कारण त्यावर एमएसडब्ल्यू लिहिलंय!

दुसरं, बार कौन्सिलच्या २०२४ च्या सर्क्युलरनंतर कॉलेजं डिक्लेरेशन घेतात की एकाच वेळी दुसरा रेग्युलर कोर्स केला नाही. मग तो मधला एटीकेटीचा पेपर त्यात धरतात का? आणि फर्स्ट इयरला मी आयपीसी (जुनी भारतीय दंड संहिता) शिकले, आता सगळीकडे तिच्या जागी आलेली बीएनएस (भारतीय न्याय संहिता), तर सिलॅबस जुळवताना तो पेपर परत द्यायला लावतील का? एका ॲडमिशनवाल्या कन्सल्टंटने तर सांगितलं की लॅटरल एन्ट्री (थेट मधल्या वर्षाला प्रवेश) बंद आहे, परत सीईटी द्या आणि पहिल्यापासून तीन वर्षं करा. (फॉर्म भरून द्यायची फी पण लगेच सांगितली.) कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १
ताई, कन्सल्टंटला नमस्कार करा आणि सोडा. लॅटरल एन्ट्रीची बंदी म्हणजे नियम १३, तो पाच वर्षांच्या इंटिग्रेटेड कोर्सचा आहे, ग्रॅज्युएट आहे म्हणून मधल्या वर्षाला थेट घ्या असं कोणी म्हणू नये यासाठी. तुम्ही तीन वर्षांच्याच कोर्सचं एक वर्ष पास आहात. एनओसी शब्दावर अडू नका, जुन्या कॉलेजकडून फर्स्ट इयर पास होऊन कॉलेज सोडल्याचा दाखला मागा, तो द्यायला त्यांचं काही जात नाही. मुंबईच्या संस्थेकडून जमा टीसीची सही-शिक्क्याची कॉपी घ्या. हे सगळं जोडून पुण्याच्या पात्रता विभागात लेखी अर्ज टाका आणि आवक नंबर घ्या, खिडकीवरच्या तोंडी उत्तरावर कुठेही फी भरू नका. दोन कोर्सच्या नियम ६ मध्ये भाषा रजिस्टर करण्याची आहे, राहिलेला पेपर देणं म्हणजे नवीन ॲडमिशन नव्हे असं माझं मत, पण डिक्लेरेशनमध्ये तारखांसकट लिहून टाका, लपवलं की पुढे वकिलीची सनद काढताना प्रश्न येतो.

प्रतिसाद २
आयपीसीचं टेन्शन नको. १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्यांना अजूनही तोच लागतो, कोर्टात रोज बघत असशीलच. तुझ्या कामातलं बघ, आयपीसीचं ४९८अ (नवरा-सासरच्यांकडून छळ) आता बीएनएसचं ८५, सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) १२५ ची पोटगी तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १४४. पेपर परत द्यायला लावलाच तर देऊन टाक, फार तर एक सुट्टी जाईल.

मी (धागाकर्ती)
दोघांचेही खूप आभार, दाखल्याचं डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी सुट्टी टाकून अर्ज देते, आवक नंबर मिळाला की इथे कळवते. फक्त लॉला लागणाऱ्या ७० टक्के हजेरीचं सांगा, संस्थेला मी दुपारी १२ नंतर येते म्हटलं तर ते तयार आहेत, पुण्यात सकाळच्या बॅचची लॉ कॉलेजं कोणती?