हातात १९ हजार, राजारामपुरीत रूम घेऊ का?

बावडेकर_बाळ्या:
मंडळी सल्ला पायजे. डिप्लोमा झाला, गोकुळ शिरगावला फौंड्रीत क्वालिटीला लागलोय. पॅकेज २ लाख ८८ हजार, म्हणून महिना २४ हजार धरून रूम घ्यायचा बेत केलेला, आणि हातात १९ हजार ४०० च पडायलेत. कंपनी गंडवाय लागल्या काय? घरात पप्पांना रोज हिशोब देऊन वैतागलोय, एकटं राहणं जमंल का एवढ्यात?

पेस्लिपताई:
गंडवत न्हाईत रे. बेसिक १५ हजार असंल तर तुझा पीएफ १८००, कंपनीचा १८०० पण पॅकेजमधेच धरत्यात, ग्रॅच्युइटीचे ७२० च्या आसपास, प्रोफेशनल टॅक्स २००. जुळलं? फेब्रुवारीत ३०० कापतील, तवा बोंब मारू नको. आणि नोकरी बदललास तर पीएफ काढून मोबाईल घेऊ नको, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, ट्रान्सफर कर. ५ वर्षांच्या आत काढलास तर टॅक्सपण लागू शकतोय.

शाहूपुरीचा_भाडेकरू:
भावा जमतंय, पण पार्टनर बघ. नुसतं भाडं मोजू नको, डिपॉझिट, मेस, लाईट बिल, गादी, बादली, पेट्रोल, वर रविवारी तांबडा-पांढरा आणि मित्राचं लग्न, हे सगळं धरलं की महिनाअखेर घरीच फोन जातोय. आधी तीन-चार महिने घरात राहून भाड्याएवढी रक्कम पगार झाला त्याच दिवशी आरडीत टाक. मधे मोडावी लागली तर समज अजून टाईम हाय, न्हाई मोडली तर तेवढ्यातच डिपॉझिट जमतंय.

मंगळवारपेठ_काकू:
घरात राहून कसलं स्वावलंबी? आमचं पोरगं ३० हजार मिळवतंय, चहाचा कप विसळत न्हाई. बाहेर पडू दे त्याला.

शाहूपुरीचा_भाडेकरू:
काकू, पोराला कप विसळायला लावायला १० हजार भाडं कशाला?

बावडेकर_बाळ्या:
आरडीचं पटलं. पण घरात पैसे देतो म्हटलं की पप्पा म्हणत्यात, तुझं तू ठेव, आणि चार दिवसांनी विचारत्यात, ठेवलेलं कुठं गेलं.

पेस्लिपताई:
मग देऊ का म्हणून विचारूच नको. घरचं लाईट बिल आणि गॅस तुझ्या फोनवरनं भरत जा. आणि शिफ्ट कुठली हाय? सेकंड असंल तर रूम बघायच्या आधी मेस किती वाजता बंद होते ते विचार.

बावडेकर_बाळ्या:
सेकंडच हाय.