मराठी मजकुरासाठी जुने फाँटच बरे?

फोटोशॉप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड (सगळीकडे चालणारी, अक्षरांची प्रमाणित संगणकीय पद्धत) मराठी नीट येतच नाही, म्हणून जुने बिगर-युनिकोड फाँटच वापरा, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. सोय आहे, फक्त नजरेआड ठेवलेली आहे. प्रेफरन्सेसमध्ये टाइप उघडा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत तिथे टेक्स्ट इंजिनचे, म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्या भागाचे, पर्याय असतात. ईस्ट एशियन सोडून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन निवडा आणि नवी फाइल उघडा. एरवी ‘शिवजयंती’तली वेलांटी ‘श’च्या उजवीकडे जाऊन बसते, ‘मूर्ती’तला रफार सुटून मध्येच ‘र्’ उभा राहतो, ते सगळं जागच्या जागी येतं. जुन्या फाइलीत मात्र नुसतं सेटिंग बदलून भागत नाही. मजकुराचा लेअर (थर) निवडून पॅराग्राफ पॅनलच्या कोपऱ्यातल्या मेनूत वर्ल्ड-रेडी पर्याय लावावा लागतो. बहुतेक जण इथेच अडकतात आणि सेटिंग चालत नाही म्हणून सोडून देतात.

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडे याची गरज दुप्पट आहे. कर्नाटकातल्या 2024 च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड लागतं, त्यामुळे एकाच डिझाइनमध्ये कन्नड आणि मराठी दोन्ही बसवायचं असतं. कन्नडची खाली लागणारी जोडाक्षरंही याच सेटिंगने जुळतात. जुन्या फाँटमधला मजकूर गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर मागितला तर नुसती अगम्य चिन्हं जातात, युनिकोडचा जसाच्या तसा जातो. आणि ज्यांना फुकटचं हवंय त्यांनी गिंप हे फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर बघावं, त्यात देवनागरी काही न बदलताच नीट जुळते.