‘क्वेरी पॅरामीटर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : नागपुरात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी मी मराठीतून टिपणे लिहीत आहे. संत्र्याच्या बाजारभावाच्या पानाचा पत्ता ‘भाव?फळ=संत्रा&बहार=मृग’ असा असेल, तर प्रश्नचिन्हानंतरच्या प्रत्येक जोडीला काय म्हणावे? ‘घटक’ हा शब्द फार मोघम वाटतो. ‘चल’ चालेल का?

उत्तर : ‘चल’ऐवजी ‘प्राचल’ घ्यावा, असे मला वाटते. सरळ रेषेच्या समीकरणात क्ष आणि य बदलत राहतात, म्हणून ते चल; पण चढ एकदा ठरला की त्या रेषेपुरता तो स्थिर राहतो, म्हणून तो प्राचल. इथेही तसेच आहे : पान एकच, परंतु ‘बहार’ला ‘मृग’ दिले की एक यादी येते आणि ‘अंबिया’ दिले की दुसरी, आणि त्या एका मागणीपुरते ते मूल्य बदलत नाही.

‘क्वेरी’साठी ‘पृच्छा’ योग्य आहे, मात्र तो शब्द संपूर्ण भागासाठी राखून ठेवावा. पत्त्याची रचना सांगणाऱ्या २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात प्रश्नचिन्हानंतर ‘#’ येईपर्यंतच्या मजकुराला क्वेरी म्हटले आहे. जोड्यांची मांडणी रूढ असली तरी तिथे ती सक्तीची नाही. विद्यार्थ्यांना हा शब्द जड वाटला तर ‘त्याले पुसून ये’ या आपल्या वऱ्हाडी बोलण्याची आठवण करून द्यावी, कारण प्रश्न, पृच्छा आणि पुसणे हे तिन्ही शब्द ‘प्रच्छ्’ या एकाच धातूकडे जातात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग ‘प्राचल नाही’ आणि ‘प्राचल रिकामे आहे’ यांत फरक करावा का?

उत्तर : अवश्य करावा, कारण चुका तिथेच होतात. ‘बहार’ पत्त्यात नसेल तर वापरणाऱ्याने काही सांगितलेलेच नाही, म्हणून दोन्ही बहारांचे भाव दाखवणे रास्त ठरते; ‘बहार=’ असे आले तर प्राचल आहे, फक्त मूल्य रिक्त आहे, आणि त्याचे काय करायचे हे आज्ञावली लिहिणाऱ्यानेच ठरवले पाहिजे. शिवाय मूल्य नेहमी मजकूर म्हणूनच हाती येते. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत मी पानाचा क्रमांक संख्येत न बदलता त्यात एक मिळवला, तेव्हा बेरीज न होता ‘२’ला ‘१’ नुसता जोडला गेला आणि दुसऱ्या पानावरून तिसऱ्याऐवजी थेट एकविसावे पान मागितले गेले. म्हणून टिपणात ‘प्राचलाची किंमत’ असे लिहू नये. ‘किंमत’ म्हटले की आकडाच मनात येतो, आणि बाजारभावाच्या उदाहरणात तर गोंधळ अधिकच वाढेल. ‘मूल्य’ लिहावे आणि पहिल्या उल्लेखातच ते मजकूररूप असल्याचे सांगावे.