आमच्या पायरीवरची रेंज गेली कुठे?

पडवीतून:
नमस्कार. लांजा तालुक्यातल्या गावात राहते. घर जांभ्याचं, भिंती हातभर जाड, त्यामुळे माजघरात फोन लागेल अशी आशा मी कधी ठेवलीच नव्हती. पण बाहेरच्या पायरीवर बसलं की दोन काड्या हमखास. मुलगी ठाण्याला असते, रात्री साडेआठचा फोन तिथूनच व्हायचा.

पंधरा दिवस झाले, पायरीवरही ‘फक्त आपत्कालीन कॉल’. मध्येच येते, हॅलो म्हणेपर्यंत जाते. बंद-चालू केला, विमानाचं बटण दाबून पाहिलं, सिम काढून खोडरबरने पुसलं. यजमानांचं सिम त्याच कंपनीचं, ते शेजारी बसून खुशाल बोलतात! माझा तीन वर्षांचा आहे. बॅटरी गेल्या महिन्यात बदलल्यामुळे चार्जिंग बाकी छान टिकतं. टॉवरची तक्रार करू का?

घाटावरचा:
काकू, सेटिंगमध्ये फाइव्हजी बंद करून फोरजी ठेवा. टॉवर लांब असला की फोन दोन्हीकडे उड्या मारत बसतो. आमच्याकडे एवढ्यावर भागलं.

पडवीतून:
केलं. दोन दिवस झाले, फरक शून्य.

सोल्डर:
बॅटरी बदलली, हे तुम्ही शेवटी घाईत सांगितलंत. मला तेच पहिलं ऐकायचं होतं. तक्रार थांबवा. तुमचं सिम यजमानांच्या फोनमध्ये घाला आणि त्याच पायरीवर बसा. मग सेटिंग, फोनविषयी, सिम स्टेटस इथे जा. सिग्नल स्ट्रेंग्थपुढे उणे आकडा दिसेल. तोच तुमच्या फोनवरही बघा. काड्यांवर जाऊ नका, त्या प्रत्येक फोनची कंपनी आपल्या मर्जीने दाखवते.

पडवीतून:
त्यांच्या फोनवर उणे ९९. माझ्यावर उणे १२१. सिम तेच, पायरी तीच.

सोल्डर:
मग टॉवर निर्दोष, सिमही. तो उणे आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या मापात असतो; उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमी. दर १० डीबीएमला ताकद दहापट बदलते, म्हणजे २२ च्या फरकात तुमच्या फोनला यजमानांच्या फोनच्या दीडशेवा हिस्साही सिग्नल मिळत नाहीये. बऱ्याच फोनमध्ये खालच्या छोट्या बोर्डापासून वरच्या मोठ्या बोर्डापर्यंत शेवयीएवढी बारीक अँटेनाची वायर जाते. टोकाला टिकलीएवढं बटण असतं, ते टचकन बसवावं लागतं. फोन उघडल्यावर ते अर्धवट राहणं नेहमीचं. जिथे बॅटरी बदलली तिथेच जा आणि ‘अँटेनाची वायर बघा’ असं स्पष्ट म्हणा. ‘नेटवर्क येत नाही’ म्हणालात तर फोन पुसून सॉफ्टवेअर नव्याने टाकून देतील आणि फोटो जातील. तरी आधी फोटो दुसरीकडे उतरवून ठेवाच.

घाटावरचा:
आणि कव्हरला मागे लोखंडी चकती असेल तर तीही काढा. गाडीत चिकटवायला लावतात ती.

पडवीतून:
आज बाजारच्या दिवशी गेले. दुकानातला मुलगा आधी म्हणाला, टॉवरचाच प्रॉब्लेम असेल. मी दोन्ही आकडे कागदावर लिहून नेले होते, ते पुढे केले. मग मुकाट्याने उघडला. वायरचं वरचं टोक सुटून नुसतं टेकलेलं होतं. नखाने दाबलं, बसलं. पैसे मागितले नाहीत, मीही दिले नाहीत.

आता पायरीवर उणे १००. साडेआठला लेकीशी पाऊण तास बोलले. माजघरात अजून काही नाही, पण तिथे यजमानांचाही लागत नाही.